मदत हवी आहे: रात्रीच्या टेस्टमध्ये वर्कर मरतो, रोज वेगळ्या टेस्टवर

लष्करवाला

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरचा. लष्कर भागात आमचं चार जणांचं छोटं ऑफिस आहे, दुकानदारांसाठी बिलिंगचा प्रोग्राम करतो. दाल बाजारातले आडतिये, बाड्याजवळची कापडाची दोन-तीन दुकानं, अशी गिऱ्हाइकं. प्रोग्राम पायथनमध्ये आहे, काउंटरवर लिनक्सचा छोटा डबा आणि थर्मल प्रिंटर. मोबाईलवरून लिहितोय, त्यामुळे कमांडसुद्धा देवनागरीतच येतील. सांभाळून घ्या.

दुखणं असं. ऑफिसच्या जुन्या डेस्कटॉपवर (८ जीबी रॅम, जिन्याखाली ठेवलाय) डॉकरच्या कंटेनरमध्ये (मशीनच्या आतली वेगळी बंदिस्त जागा) रोज रात्री दोन वाजता टेस्ट सुट, म्हणजे सगळ्या टेस्टचा संच, चालते. पायटेस्ट (टेस्ट चालवणारं साधन), सोबत एक्सडिस्ट (टेस्ट वाटून एकाच वेळी चालवणारं), चार वर्कर, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या चार प्रोसेस. एकूण ११४० टेस्ट, वीस-बावीस मिनिटं लागतात. गेल्या सात रात्रींपैकी चार रात्री मध्येच एक वर्कर मेला. लॉगमध्ये एवढंच येतं: 'जीडब्ल्यू२ नोड डाउन, नॉट प्रॉपर्ली टर्मिनेटेड', आणि खाली अमुक टेस्ट चालू असताना वर्कर क्रॅश झाला. पुढे नवा वर्कर उभा राहतो आणि गाडी चालू.

गंमत म्हणजे दर वेळी टेस्ट वेगळी. एकदा जीएसटीच्या बेरजेची, एकदा गिऱ्हाइकाचं नाव शोधायची, एकदा तर तारखेचा फॉरमॅट तपासणारी तीन ओळींची. तीच टेस्ट एकटी चालवली की पास. शंभर वेळा चालवली, शंभरदा पास. दिवसा सगळं ठीक, रात्रीच मरतं. माझ्या लॅपटॉपवर कधीच नाही.

जीडब्ल्यू म्हणजे ग्वाल्हेर असं आमच्या नव्या मुलाला वाटलं होतं, तेवढंच दोन मिनिटं हसू आलं. (तो गेटवे आहे.) १५ जूनला नवी आवृत्ती दुकानांत द्यायची आहे. कुठून सुरुवात करू?

भुट्ट्याचा_कीस

भिया, आधी इंदूरहून रामराम. जिन्याखाली डेस्कटॉप आणि मे महिना? तुमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. रॅम भाजून निघाली असेल. एक रात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून झोपा.

दुसरं, पावतीवर देवनागरी छापता ना? २०१८ च्या फेब्रुवारीत तेलुगूतल्या एका जोडाक्षराने आयफोन कोसळत होते, आठवतंय? ॲपलला आयओएस ११.२.६ काढावं लागलं होतं. अक्षरं जुळवणाऱ्या कोडमध्ये असले खड्डे असतात. तुमच्या टेस्टमध्ये एखादं 'ग्वाल्हेर' किंवा 'कृष्णाजी' अडकलं असेल.

लष्करवाला

मेमटेस्ट लावली, पूर्ण फेरी स्वच्छ. शिवाय भावाकडून दुसरं मशीन आणून त्यावरही रात्री चालवलं, तिथेही मेला. म्हणजे उन्हाळा निर्दोष. देवनागरीचा संशय मलाही होता, पण तारखेच्या टेस्टमध्ये अक्षरं छापतच नाहीत.

कसोटीताई

थोडं थांबा. कारणांचा पाऊस पाडण्याआधी एक साधी गोष्ट विचारते. प्रोसेस मेली कशाने, हे माहीत आहे का? एक्सडिस्ट ते सांगत नाही, 'नीट संपला नाही' एवढंच म्हणतं. कोणीतरी मारणं आणि स्वतःच्या चुकीने पडणं यांत फरक आहे.

एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मागे ठेवते तो आकडा) मिळाला तर उलगडतं. १२८ मध्ये सिग्नलचा, म्हणजे प्रोसेसला मिळालेल्या इशाऱ्याचा, आकडा मिळवायचा. १३७ म्हणजे ९, सिगकिल, म्हणजे बहुधा मेमरी संपली आणि कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) बळी घेतला. १३९ म्हणजे ११, सेगफॉल्ट, आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावला. १३४ म्हणजे ६, प्रोग्रामने स्वतःच अबॉर्ट केलं. १३५ दिसला तर बस एरर, आणि मग डॉकरमधल्या शेअर्ड मेमरीकडे बघायचं, ती मुळात ६४ एमबीच असते.

दुसरं, फॉल्टहँडलर. पायटेस्टमध्ये तो पाचव्या आवृत्तीपासून आपोआप चालू असतो. सेगफॉल्ट झाला तर मरता मरता तो पायथनचा ट्रेस, म्हणजे कोणती ओळ चालू होती त्याचा माग, छापून जातो. सिगकिल मात्र कोणालाच पकडता येत नाही, त्यामुळे तिथे तो गप्प बसतो. तुमच्या लॉगमध्ये ट्रेस नाही, हे खरं असेल तर तोही पुरावाच आहे. पण खरंच नाही का?

आणि डीमेसेज (कर्नलचा लॉग) बघितलंत का? कंटेनरच्या आतून नाही, बाहेर मूळ मशीनवर.

लष्करवाला

ताई, डीमेसेज आतूनच बघितलं होतं. परवानगी नाही म्हणाला आणि मी सोडून दिलं.

आता बाहेरून बघितलं. मेमरी संपल्याची एकही ओळ नाही. सेगफॉल्टच्या मात्र चार ओळी आहेत, चारही त्याच चार रात्रींच्या! मेमरीतला पत्ता दर वेळी वेगळा. ओळीच्या शेवटी 'इन' नंतर तीनदा सीटाइप्सच्या (पायथनमधून सी चा कोड बोलावायची सोय) लायब्ररीचं नाव आहे, एकदा खुद्द पायथनचं.

भुट्ट्याचा_कीस

शून्यापाशी पडत असेल तर नल पॉइंटर, म्हणजे कुठेच न नेणारा पत्ता. तुमच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शून्य कोरलेला आहे, त्याच गावात शून्याने मार खावा म्हणजे कमाल.

लष्करवाला

शून्य नाही हो. चार वेळा चार भलतेच पत्ते.

निवृत्त_फर्मवेअर

वडोदऱ्याहून लिहितो. तीस वर्षं सी लिहिलं, आता नातवाला शाळेत सोडतो आणि असले धागे वाचतो.

पत्ता दर वेळी वेगळा आणि अर्थहीन, ही खूण लक्षात ठेवा. नल पॉइंटर प्रामाणिक असतो, दर वेळी एकाच जागी पडतो. वेगवेगळ्या पत्त्यांवर पडतोय म्हणजे बहुधा कोणीतरी सोडून दिलेली मेमरी वापरतोय. आणि मग ज्या टेस्टवर पडला ती बिचारी रस्त्याने चाललेली असते. तिची शंभर वेळा चौकशी करून काय मिळणार?

सीटाइप्स तुम्ही कुठे वापरता? शुद्ध पायथनच्या बिलिंगमध्ये ते आलं कुठून?

लष्करवाला

काका, प्रिंटर. प्रिंटरवाल्यांनी सी ची लायब्ररी दिली आहे, फक्त लिनक्ससाठी. ती सीटाइप्समधून बोलावतो. लॅपटॉपवर ती चालत नाही म्हणून तिथे नकली प्रिंटर लावलाय. (हे लिहिताना लक्षात आलं की लॅपटॉपवर का मरत नाही याचं उत्तर मी पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं.)

अजून एक कबुली. फॉल्टहँडलरचा ट्रेस होता. आमच्या स्क्रिप्टमध्ये एरर आउटपुट वेगळ्या फाइलीत जातं, ती फाइल कोणी उघडलीच नव्हती. वर 'फेटल पायथन एरर, सेगमेंटेशन फॉल्ट', त्याखाली 'करंट थ्रेड' (थ्रेड म्हणजे प्रोसेसच्या आत स्वतंत्र चालणारं एक काम) आणि त्याखाली फक्त 'नो पायथन फ्रेम'. मग दुसरे थ्रेड, त्यांत ती तारखेची टेस्ट दिसते.

कसोटीताई

हे सोनं आहे! जो थ्रेड पडला त्यात पायथनचा एकही कोड चालू नव्हता. तारखेची टेस्ट शेजारच्या थ्रेडमध्ये आपलं काम करत होती. पडलेला थ्रेड सी कडून आलेला आहे. प्रिंटरची लायब्ररी स्वतःचा थ्रेड उघडते का?

आणि अजून एक. 'दिवसा सगळं ठीक' म्हणालात. दिवसा पूर्ण सुट चालवलीत का कधी?

लष्करवाला

खरं सांगू? नाही. दिवसा 'स्लो' खूण लावलेल्या टेस्ट वगळतो. पन्नास सेकंदांत संपतं. 'रात्रीच मरतं' हे मी इतक्या वेळा बोललो की मलाच खरं वाटायला लागलं. काल दुपारी तीनला पूर्ण सुट लावली, अकराव्या मिनिटाला मेला.

लायब्ररीचा कागद वाचला. हो, ती थ्रेड उघडते. दर ६० सेकंदांनी प्रिंटरची स्थिती विचारते, कागद संपला, झाकण उघडं, ऑफलाइन वगैरे, आणि आपण दिलेलं कॉलबॅक फंक्शन बोलावते. टेस्ट मशीनला प्रिंटर जोडलेलाच नाही, म्हणजे दर मिनिटाला 'ऑफलाइन' येत असणार.

मग लॉगमधल्या वेळा काढल्या. त्या वर्करमध्ये प्रिंटर उघडल्यापासून क्रॅशपर्यंतचं अंतर: १२० सेकंद, ६०, ३००, १८०. अंगावर काटा आला. आठवडाभर मी टेस्टची नावं बघत बसलो होतो आणि घड्याळ बघितलंच नाही.

निवृत्त_फर्मवेअर

आता कॉलबॅक नोंदवणारी ओळ इथे टाका. मी पैज लावायला तयार आहे.

लष्करवाला

शब्दांत सांगतो. प्रिंटरच्या वस्तूच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (ती बनताना चालणाऱ्या कोडमध्ये) एकच ओळ आहे. सीटाइप्सच्या सीफंकटाइपने कॉलबॅकचा प्रकार बनवलाय, आणि लायब्ररीच्या 'रजिस्टर' फंक्शनला कंसातल्या कंसात थेट तो प्रकार लावून सेल्फ डॉट ऑन-स्टेटस दिलं आहे (सेल्फ म्हणजे ती प्रिंटरची वस्तूच). म्हणजे गुंडाळलेली वस्तू कोणत्याही नावाला बांधलेली नाही.

निवृत्त_फर्मवेअर

पैज जिंकलो. हे सीटाइप्सच्या अधिकृत माहितीत इशारा म्हणून लिहिलेलं आहे: सी जोवर कॉलबॅक वापरणार आहे, तोवर त्या वस्तूचा संदर्भ तुम्ही धरून ठेवायचा. सीटाइप्स तुमच्यासाठी धरत नाही.

होतं काय ते सांगतो. तुम्ही कंसात वस्तू बनवली, तिचा पत्ता लायब्ररीला दिला, ओळ संपली. पायथनच्या हिशेबाने आता त्या वस्तूला कोणी विचारत नाही, संदर्भांची संख्या शून्य, लगेच मोडीत. सी कडे मात्र पत्ता तसाच. लष्करात जुन्या वाड्यांत भाड्याच्या खोल्या असतील ना? समजा भाडेकरूने खोली सोडली, पण पोस्टमनकडे पत्ता जुनाच आहे. खोली रिकामी आहे तोवर तो दाराखालून पत्र सरकवून जातो, काही बिघडत नाही. ज्या दिवशी तिथे नवं बिऱ्हाड येतं, त्या दिवशी भांडण.

नवं बिऱ्हाड कधी येईल हे बाकीच्या टेस्ट किती मेमरी मागतात त्यावर. म्हणून कधी पहिल्या मिनिटाला पडतं, कधी पाचव्या, कधी पडतच नाही. पन्नास सेकंदांच्या दिवसाच्या फेरीत तर पोस्टमन येतच नाही.

लष्करवाला

काका, साष्टांग नमस्कार. सेल्फवर एका नावाने धरून ठेवलं. एक ओळ! काल आणि परवा, दोन्ही रात्री हिरवं. धागा बंद करायला हरकत नाही. ग्वाल्हेरला आलात तर बहादुराचे लाडू माझ्याकडून.

कसोटीताई

लाडू नक्की, पण धागा इतक्यात बंद करू नका. सातांतल्या चार रात्री मरत होतं, म्हणजे काहीही न बदलता एक रात्र पास व्हायची शक्यता सातात तीन. सलग दोन रात्री नुसत्या नशिबाने हिरव्या येण्याची शक्यता १८ टक्के. हे 'सुटलं' म्हणण्याइतकं नाही. जे आपल्या मर्जीने कोसळवता येत नाही, ते बरं झालं हे कसं कळणार?

लष्करवाला

ताई, तुमची जीभ काळी आहे. काल रात्री मेला.

त्याच ओळीने, 'नो पायथन फ्रेम'. सेल्फवर धरलेलं आहे, मी डोळ्यांनी बघितलं. आता?

निवृत्त_फर्मवेअर

सेल्फ स्वतः किती दिवस जगतो?

लष्करवाला

काका, म्हणजे?

निवृत्त_फर्मवेअर

तुमच्या टेस्टमध्ये प्रिंटर फिक्स्चरमधून (टेस्टला लागणारी वस्तू उभी करून देणाऱ्या कोडमधून) येत असेल. टेस्ट संपली, फिक्स्चर गेलं, प्रिंटरची वस्तू गेली, आणि तिच्याबरोबर सेल्फवर बांधलेलं कॉलबॅकही गेलं. लायब्ररीचा थ्रेड मात्र गेला का? तो अजून मिनिटाला एकदा जुन्या पत्त्यावर पत्र टाकतोय. पहिल्या दुरुस्तीने खोली थोडी उशिरा रिकामी होते, एवढंच.

प्रिंटर बंद करणाऱ्या क्लोजमध्ये काय करता ते बघा. आधी लायब्ररीला कॉलबॅक काढायला सांगायचं, मग तिचा थ्रेड थांबवायचा, तो खरंच थांबेपर्यंत वाट बघायची, आणि मगच आपली वस्तू सोडायची. क्रम चुकला तर पुन्हा तेच.

आणि ताईंचं बरोबर आहे, रात्रींची वाट बघू नका. पायथनमॅलॉक या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 'डीबग' किंमत देऊन चालवा. मग सोडलेली मेमरी पायथन मुद्दाम ठरावीक कचऱ्याने भरतो, नव्या बिऱ्हाडाची वाट बघावी लागत नाही. हेक्समध्ये तो बाइट डीडी असतो. कोअर डंपमध्ये (मरतानाच्या मेमरीची नक्कल) डीडी डीडी डीडी दिसलं की समजायचं, मेलेल्या वस्तूला हात लावलाय. आमच्या पिढीला डीडी म्हणजे दूरदर्शन, त्यामुळे लक्षात राहतं.

कोअर हवा असेल तर कंटेनरला कोअरची मर्यादा उठवून द्या. फाइल कुठे पडणार ते ठरवणारं कोअर पॅटर्न कंटेनरचं वेगळं नसतं, मूळ मशीनचंच लागू होतं. मग 'फाइल सापडत नाही' म्हणून अर्धा दिवस जातो. माझा गेला आहे.

लष्करवाला

करून बघितलं. लायब्ररीची ६० सेकंदांची मुदत सेटिंगमधून १ सेकंदावर आणली, मेमरी डीबगवर टाकली, आणि एकच टेस्ट लिहिली: प्रिंटर उघड, बंद कर, वस्तू सोडून दे, पाच सेकंद थांब. वर्करही नको, एक्सडिस्टही नको.

जुन्या कोडवर पहिल्याच सेकंदाला कोसळला. वीसपैकी वीस वेळा. जीडीबीमध्ये (कोअर उघडून बघायचं साधन) प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये काकांचं दूरदर्शन. माझ्या एका ओळीच्या दुरुस्तीवरही वीसपैकी वीस, म्हणजे ती दुरुस्ती नव्हतीच. आमच्या क्लोजमध्ये फक्त पोर्ट बंद होत होता. लायब्ररीत थांबवण्याचं वेगळं फंक्शन आहे, थ्रेड संपेपर्यंत ते परत येत नाही. ते आम्ही कधी बोलावलंच नव्हतं. आता कॉलबॅक काढणं, थांबवणं, मग सोडणं, या क्रमाने लिहिलं. वीसपैकी शून्य. मग दोनशेपैकी शून्य. ती टेस्ट आता सुटमध्ये कायमची ठेवली आहे.

भुट्ट्याचा_कीस

म्हणजे देवनागरीही निर्दोष, गर्मीही निर्दोष. माझे दोन्ही बाण वाया. पण एक विचारतो भिया, हा कोड दुकानांतही चालतोय ना? तिथे नाही कोसळला कधी?

लष्करवाला

हा प्रश्न काल रात्री झोपताना आला आणि मग झोप आली नाही.

दुकानात टेस्टसारखं उघडझाप नसतं. सकाळी प्रिंटर एकदा उघडला की रात्रीपर्यंत तोच. पण मूळ ओळ तर तीच, कॉलबॅक पहिल्याच क्षणी मोडीत. वीस महिने तो कोड बाहेर आहे. दाल बाजारातले एक शेठ मार्चपासून सांगतायत की कधीतरी बिल काढता काढता खिडकी आपोआप गायब होते. आम्ही जाऊन बघितलं तर सगळं ठीक, चालू केलं की चालतं. आम्ही म्हटलं लाईटचा झोल आहे, व्होल्टेज वरखाली होतंय.

आज सकाळी त्यांच्या डब्याचा कर्नल लॉग मागवला. सेगफॉल्टच्या नऊ ओळी. नऊच्या नऊ सीटाइप्समध्ये.

कसोटीताई

दुरुस्ती त्यांच्याकडे आधी टाका, १५ जूनची वाट बघू नका.

लष्करवाला

टाकली, दुपारीच. आता त्यांना फोन करायचाय आणि तोच होत नाहीये. दोन महिने आम्ही त्यांना स्टॅबिलायझर घ्या म्हणून सांगत होतो. गेल्या आठवड्यात घेतला त्यांनी.

निवृत्त_फर्मवेअर

माझ्या वाटचे लाडू त्यांना द्या.